तिसरं उत्तर

रविवार, १ सप्टेंबर

नवी नोकरी, म्हणून नवी वही. करक गावी मुलींच्या शाळेत चौदा वर्षं व्याकरण शिकवलं आणि आता अम्मानमध्ये, लुवैब्देच्या टेकडीवर, एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत भाषा तपासायला बसले आहे. शुरूकला हे कळलं तेव्हा ती हसून हसून लोळली. म्हणाली, मिस, तुला अजून फोनवर गजर लावता येत नाही आणि तू गेम दुरुस्त करणार. माझी धाकटी बहीण असून मला मिस म्हणते, कारण शाळेत मीच तिला शिकवायला होते. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची आणि मी एकवीसची. वेण्या मी घातल्या, गोवराच्या तापात रात्रभर उशाशी मी बसले. तेव्हा बहीण म्हणा नाहीतर लेक म्हणा, मला आहे ती एवढीच. तिला इथल्या विद्यापीठात फार्मसीला प्रवेश मिळाला आणि मी राजीनामा खरडला.

घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं अम्मान दिसतं. बाबा सामान लावायला आले होते. फॉस्फेटच्या खाणीतल्या सुरुंगांनी त्यांचे कान गेले. फोन उजव्या कानाला घट्ट दाबला तर ऐकू येतं, पण समोर बसलेल्याचं काही नाही, मोठ्या अक्षरात लिहून दाखवावं लागतं. आणि चष्मा ते नेहमी घरी विसरतात. मुलगा नाही म्हणून गाव त्यांना अबू मैसून, मैसूनचा बाप, म्हणतं, माझ्या नावानं, आणि ते छाती काढून चालतात. घर बघून म्हणाले, सगळं ठीक, पण चूल नाही, पाहुण्यांची कॉफी कशावर करणार? गॅसवर, असं लिहून दाखवलं. तोंड असं केलं की जणू मी त्यांना शिवी दिली.

ऑफिसात सात माणसं. मालक इंजिनियर सनद, पस्तिशीचा, दिवसाला तीन वेळा दाढी खाजवणारा, मनानं चांगला. त्यानं 'सात विहिरी' या जुन्या गेमचे हक्क घेतलेत. सत्त्याण्णव साली आपल्याच इथे बनलेला, बगदादपासून कॅसाब्लांकापर्यंत पोरांनी चोरून कॉपी केलेला. तलवार घेतलेला एक स्वार वाळवंटात सात विहिरी शोधतो आणि वाटेत घूल नावाचे राक्षस मारतो, एवढीच गोष्ट. आता नव्या चित्रांनिशी पुन्हा येतोय. माझं काम जुने संवाद सुधारायचं आणि गेम आल्यावर खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचून त्यांना उत्तरं द्यायचं.

मला आवडली ही नोकरी. खुर्ची फिरते.

बुधवार, ४ सप्टेंबर

आज एक मोठी चूक सुधारली.

चौथ्या विहिरीजवळ स्वाराचा स्वतःचा तंबू आहे. तो आत जातो तर एक पाहुणा बसलेला. त्याच्यापुढे कॉफीचा फिंजान, ती बिनकानाची छोटी पेली, भरलेला, आणि तो पीत नाही. आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो: पाहुणा काही मागायला आलाय. सोयरीक असो की खुनाचा समेट, मागणारा फिंजान समोर ठेवून बसतो आणि यजमान म्हणतो, कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते मिळालं. मागणं काय ते विचारायचंही नाही. मग तो पितो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

जुन्या गेममध्ये इथे तीन उत्तरं होती. पहिलं, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते मिळालं." ते निवडलं की स्वार मरायचा आणि खेळ तिथेच संपायचा. दुसरं, "बसा, घाई नाही." त्यानं काहीच व्हायचं नाही. आणि तिसरं, जे बरोबर मानलं होतं: "फिंजान राखेत ओत आणि पाठ फिरव."

मी तीनदा वाचलं. पाहुण्याच्या पुढ्यातली कॉफी चुलीच्या राखेत ओतायची? आमच्या बाबांच्या समोर कुणी असं केलं तर ते त्या माणसाचं तोंड आयुष्यभर बघणार नाहीत. सनदला दाखवलं, तोही शरमला. म्हणाला, मिस मैसून, हे असंच गेलं तर लोक आपल्याला फाडून खातील. मी तिसरं उत्तर काढून टाकलं. पहिलं उत्तर दिलं की पाहुणा कॉफी पितो, उठतो आणि वाट मोकळी होते, असं केलं. सनदनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. भाषाच नाही, आपली इज्जतही तपासतात मिस, म्हणाला.

शुरूकला सांगितलं तर म्हणते, जगात पहिलीच बाई जिनं राक्षसांच्या खेळात पाहुणचार घुसवला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

गेम आला. दिवसभर अभिप्राय वाचले, डोळे चुरचुरताहेत, पण हसूही फार आलं.

बसराचा एकजण: "घोडा गाढवासारखा चालतो. गाढवाची माफी मागतो, ते निदान सांगितलेल्या दिशेला जातं. दोन तारे." बगदादचा: "सत्त्याण्णव साली या गेमच्या चोरट्या सीड्या विकून मी लग्न केलं. आता पाप फेडायला विकत घेतला. बायको म्हणते लग्नाचंही फेड. पाच तारे." कॅसाब्लांकाचा: "जुना घूल बघून मी अंथरूण ओलं केलं होतं. नवा बघून भूक लागली." हलबचा एक म्हातारा: "संगीत का बदललं? तुमच्या घरचं काय जात होतं?"

शुद्धलेखन बघवत नाही. तीस टक्के लोकांना अक्षरावरचं हमजाचं चिन्ह कुठे द्यायचं ते कळत नाही. लाल पेन नसल्यानं हात शिवशिवतात.

शुरूकनंही गुपचूप अभिप्राय टाकलाय, 'मिसची धाकटी' या नावानं: "गेम खेळले नाही, परीक्षा आहे. पण यातला प्रत्येक स्वल्पविराम माझ्या बहिणीनं जागेवर बसवलाय. पाच तारे, नाहीतर ती जेवायला देणार नाही."

रविवार, १५ सप्टेंबर

एकच तक्रार शेकड्यांनी. लोक चौथ्या विहिरीला अडकलेत. सगळे सभ्यपणानं "बसा, घाई नाही" निवडतात आणि पाहुणा बसूनच राहतो. तारे घसरले. सनदनं दाढी खाजवून लाल केली. मी दिवसभर एकेका अभिप्रायाखाली उत्तर लिहिलं: "पहिलं उत्तर निवडा. पाहुणा कॉफी पिईल आणि वाट मोकळी होईल. मैसून, भाषा विभाग." तीनशे चाळीस वेळा लिहिलं. लोकांनी आभार मानले.

एक 'राख' नावाचा माणूस मात्र रोज एक तारा देतो आणि रोज तेच लिहितो: "तिसरं उत्तर कुठे आहे? ते परत येईपर्यंत कुणी पहिलं निवडू नका." मी त्याला नम्रपणे कळवलं की आपल्या रीतीला न शोभणारा भाग वगळण्यात आला आहे. त्यानं उलट लिहिलं, बाई, तुम्हाला इज्जत सांभाळायची आहे की माणसं?

असे एकेक भेटतात.

बुधवार, १८ सप्टेंबर

बसराच्या घोडेवाल्यानं आपला अभिप्राय बदलला. आता पाच तारे. जुना मजकूर पुसून त्यानं लिहिलंय:

"मुकाम चांगला आहे. माणसं मायाळू आहेत. उठणार नाही."

मला वाटलं थट्टा आहे. मग हलबच्या म्हाताऱ्याचं उघडलं. पाच तारे. मुकाम चांगला आहे, माणसं मायाळू आहेत, उठणार नाही. संध्याकाळपर्यंत असे नऊ सापडले. नऊ वेगवेगळ्या गावांचे, ज्यांना परवापर्यंत हमजा देता येत नव्हता, आणि आता एक कानामात्रा चुकलेली नाही. शिवाय मुकाम हा शब्द. राहत्या घराला मुकाम कोण म्हणतं आता? माझे आजोबा म्हणायचे, तंबूत जन्मले होते ते.

सनदला दाखवलं. तो म्हणाला, मिस, तारे मोजा, शब्द नका मोजू.

रविवार, २२ सप्टेंबर

आता एकशे चौदा.

आज मी बसून काही जणांचं पहिल्यापासूनचं वाचून काढलं. इर्बिदचा एक मुलगा, वकिलीला बसणारा, रोज लिहिणारा. पहिल्या दिवशी: "पाहुणा कॉफी प्यायला तेव्हा अंगावर काटा आला, काय सीन आहे!" दुसऱ्या दिवशी: "गंमत ऐका, आज आईनं जेवताना एक ताट जास्त मांडलं. कुणासाठी विचारलं तर स्वतःच चक्रावली." तिसऱ्या दिवशी: "टेबलावर एक फिंजान आहे. भरलेला. घरात कुणी ठेवला नाही. आणि माझ्या खुर्चीत बसवत नाही मला, कुणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. तुमच्यापैकी कुणाला असं होतंय का?" चौथ्या दिवशी मुकाम चांगला आहे.

त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. मीही नाही. शुक्रवार-शनिवार, मी सुट्टीवर होते.

चित्रं काढणाऱ्या मुलाकडे गेले आणि पाहुणा कॉफी पितो ते चित्र दाखव म्हटलं. त्यानं फाइल उघडली. म्हणाला, मी फक्त हात फिंजानापर्यंत गेलेला काढलाय, पितानाचं वेळ नव्हता म्हणून सोडलं होतं, सनदनं दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल. सनद म्हणाला, दुसरा कोण, सगळं त्यानंच केलं. दोघांनी खांदे उडवले. तारे वाढले म्हणून सनद कुनाफ्याची मिठाई घेऊन आला होता. मी माझी बशी तशीच परत ठेवली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

जरकाहून एका बाईनं नवऱ्याच्या खात्यावरून लिहिलंय. ती लिहिते, हा अभिप्राय नाही, पण तुमच्याशी बोलायला दुसरी जागा सापडली नाही. नवरा चार दिवस तुमचा गेम खेळला. आता जो घरात आहे तो तो नाही. चेहरा त्याचा, आवाज त्याचा. पण तो मुलीला नावानं हाक मारत नाही, लेकरा म्हणतो, कारण त्याला नाव माहीत नाही. आणि काल कॉफी ओतली तर फिंजान हलवेना.

हे वाचून मी थांबले. पुरे झालं की फिंजान हलवून परत द्यायचा, हे आपल्याकडे चालायला शिकण्याआधी शिकतात. शुरूक तीन वर्षांची असताना रिकामा फिंजान हलवत घरभर फिरायची. बाई लिहिते, मी अकरा वेळा ओतली, तो अकरा वेळा प्यायला आणि फिंजान पुढे धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी तिला फोन नंबर मागितला. सनद म्हणाला, मिस, नवरा-बायकोची भांडणं सोडवायला आपण कुटुंब न्यायालय नाही.

दोन तासांनी पुन्हा पान उघडलं. बाईचा मजकूर गेला होता. मुकाम चांगला आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सकाळी सनदच्या टेबलापुढे उभी राहिले आणि तिसरं उत्तर परत घाल म्हणून सांगितलं. नाही घातलंस तर मी स्वतः सगळ्यांना लिहीन. माझा आवाज चढला होता. तो घाबरून म्हणाला, रविवारी, सुट्टी संपली की पहिलं तेच. आज संध्याकाळी पाचलाच स्वतः खेळून बघतो.

अडीचला घरी आले. शुरूक सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप, खूश. परीक्षा संपली म्हणून सकाळपासून गेम खेळत होती.

मी विचारलं, चौथी विहीर?

म्हणाली, केव्हाच, अकरा वाजता. मीही अडकले होते, मग खाली तुझं उत्तर दिसलं, मैसून, भाषा विभाग, पहिलं उत्तर निवडा. तूच वाचवलंस, मिस.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून. चौदा वर्षं मुलींना सांगत आले की शंका आली तर बोलून टाका, आणि घरातल्या मुलीला सांगितलं नाही. मला स्वतःची किळस येतेय.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सकाळी 'राख'च्या अभिप्रायाखाली लिहिलं, मी मैसून, माझ्या बहिणीनं पहिलं निवडलं, हा माझा नंबर, फोन करा. दहा मिनिटांत फोन आला. नाव इस्कंदर, मादबाचा, वय बासष्ट. हा गेम त्यानंच लिहिलेला. मला वाटलं होतं ओरडेल. त्यानं एवढंच विचारलं, बहिणीचं वय काय, पोरी?

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दुष्काळाच्या एका वर्षी त्यांच्या खालच्या वाडीतल्या तंबूंमध्ये एक पाहुणा यायचा. कॉफी पुढे ठेवून बसायचा. यजमान मोठ्या मनानं म्हणायचा, ज्यासाठी आलात ते मिळालं. आणि तो यायचा यजमानाच्या जागेसाठी. तीन दिवस आणि वर दिवसाचा एक तृतीयांश तो पाहुणा राहतो, तेवढ्यात त्याला नाव-गाव विचारायचं नाही ही रीतच आहे. मुदत संपली की जागा त्याची. चेहरा, अंथरूण, हाक, सगळं. ज्यांना कळलं त्यांनी लाज सोडली, त्याच्या डोळ्यांदेखत फिंजान राखेत ओतला आणि पाठ फिरवली. अपमान झालेला पाहुणा उठतोच. इस्कंदरनं ते खेळात घातलं, कारण मोठ्यांकडून ऐकलेलं कुणीतरी लक्षात ठेवावं, आणि पोरं दुसरं काही लक्षात ठेवत नाहीत. पहिलं उत्तर दिलं की स्वार मरतो हेही म्हणूनच. पाहुण्याला कॉफी प्यायला इस्कंदरनं कधी वाटच ठेवली नव्हती. वाट आम्ही केली.

राख कशी हवी? ज्या चुलीवर पाहुण्यांची कॉफी होते तिची. हुक्क्याची नाही, सिगारेटची नाही.

आणि मुदत टळली तर? इस्कंदर म्हणाला, जागा मिळाली की त्याची हाव वाढते, तो घरातल्या पुढच्या माणसापुढे दुसरा फिंजान ठेवतो. तोही राखेत ओतला तर दोन्ही जागा सोडून उठतो. पण त्या दुसऱ्या फिंजानावर घरातल्या कुणीही ज्यासाठी आलात ते मिळालं म्हटलं, तर मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. फोन ठेवताना तो रडत होता.

मी हिशेब केला. गुरुवारी सकाळी अकरा. रविवारी अकराला तीन दिवस. वर आठ तास. रविवारी संध्याकाळी सात.

दुपारी शुरूकनं टेबलावर तीन ताटं मांडली. मी तिसरं उचललं. तिनं पुन्हा मांडलं, तिच्या लक्षातही आलं नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

टेबलावर फिंजान आहे. भरलेला. वाफ निघतेय.

बेसिनमध्ये ओतला. मागे वळले तर भरलेला. खालच्या हुक्कावाल्याकडून राख आणली, तिच्यात ओतला. भरलेला.

बाबांना फोन केला. आज त्यांच्याकडे दोन घराण्यांचा समेट आहे, दोनशे माणसं, ते निघू शकत नाहीत. मी सगळं सांगितलं. फोन कानाला दाबून त्यांनी ऐकलं आणि हसले. म्हणाले, एक मास्तरीण, एक फार्मसीवाली, आणि दोघी खेळण्याला भितात, हे गावात सांगू नका. पण चुलीची राख आणतो म्हणाले, डबा भरून, रविवारी दुपारच्या बसनं. पाचपर्यंत पोचतील. सातला दोन तास हाताशी. शुरूकला सोडून मला जाता येत नाही. तिला बरोबर नेलं तर पाहुणाही येईल, आणि त्या दोनशे माणसांत कुणीतरी त्याला कॉफी घ्या म्हणेलच.

शुरूक जमिनीवर बसते. सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणते, तिथे कुणी बसलंय ना. मग स्वतःच हसते. तिच्या पलंगाकडे बघून विचारलं, मिस, हे कुणाचं अंथरूण?

तिची नाडी बघितली. हात बर्फ. मी तिला मांडीवर घेऊन बसले, लहानपणी घ्यायचे तशी. ती म्हणाली, माझी जागा लहान होत चाललीय.

नाही होऊ देणार, म्हटलं. माझ्या अंगात जीव आहे तोवर नाही.

रविवार, २९ सप्टेंबर. सकाळ

देव पावला. ती उठलीय.

जाग आली तर स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास. शुरूक उभी, गालांवर रंग, हात ऊबदार. सोफ्यावर बसली, पाय वर घेऊन, नेहमीसारखी. टेबलावरचा फिंजान रिकामा होता, धुऊन पालथा घातलेला. मला घट्ट मिठी मारली. मी ढसाढसा रडले.

मी कॉफी ओतली आणि ती प्यायली. भूक लागली म्हणाली. दहा-बारा फिंजान प्यायली असेल, मीच ओतत होते, आनंदात, मोजले नाहीत.

तरी राख येऊ दे. सातपर्यंत थांबायचं.

दुपार, एक वाजता

सनदचा निरोप आला. "तिसरं उत्तर नको. मुकाम चांगला आहे."

तो गुरुवारी संध्याकाळी पाचला खेळला. शुरूकच्या सहा तास नंतर. त्याची मुदत तर आज मध्यरात्रीनंतरची — हे कसं. पान उघडलं. ज्यांनी अभिप्राय बदलले त्यांच्या वेळा बघितल्या. कधी खेळले, कुणी सकाळी, कुणी दुपारी, काही फरक नाही. जरकाच्या बाईचा मजकूर सोडला तर सगळे पहाटे अडीचच्या आसपास बदललेत. सगळे.

सूर्यास्त.

पाहुण्याचा दिवस सूर्यास्ताला संपतो. आजोबांचा संपायचा तसा. रमजानचा चंद्र दिसला की दुसरा दिवस सुरू, हे मला, मला माहीत नाही? गुरुवार मावळला तेव्हा पहिला दिवस संपला. शनिवार मावळला तेव्हा तिसरा. वर आठ तास. पहाटे अडीच. आणि सनदही सूर्यास्ताआधी खेळला, म्हणजे त्याचीही हीच पहाट.

मी घड्याळानं मोजलं.

'मिसची धाकटी' उघडून बघितलं. बदललेला, दोन वाजून चाळीस मिनिटं. माझं जेवण नाही, माझे स्वल्पविराम नाहीत. तीन वाक्यं आहेत. शुद्ध.

तिनं सकाळपासून मला मिस म्हटलेलं नाही.

फिंजान हलवला नाही. एकदाही.

तीन वाजता

ती सोफ्यावर आहे. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी. लिहिते आहे, कारण लिहिताना तिच्याकडे बघावं लागत नाही.

विचारलं, आईचं नाव काय? म्हणाली, लेकरा, पाहुण्याला प्रश्न विचारतात का.

शुरूकच्या आवाजात.

चार वाजता

दुसरा फिंजान मांडला. तिनं. माझ्यापुढे बसलीय, फिंजान तिच्या पुढ्यात. पीत नाही. म्हणते, एक काम घेऊन आलेय.

हाच. इस्कंदर म्हणाला होता तो. हा राखेत गेला की शुरूक परत. मी तोंड उघडणार नाही. दात दाबून बसलेय. बाबा पाचला. फक्त तासभर. राख आली की —

तिच्या हनुवटीवर तो व्रण आहे, जिन्यावरून पडली होती तेव्हाचा. मी टाके घालताना धरली होती तिला. ती अजून आत कुठेतरी आहे का, माझी मुलगी कुठे आहे, तिला ऐकू येत असेल का —

मी येतेय, शुरूक. थोडं थांब.

चार वाजून पन्नास

जिन्यावर काठी. बाबा. लवकर आले.

डबा त्यांच्या काखेत. मी ओरडतेय, ऐकू येत नाही. ती हसली, उठली नाही, तशीच बसलीय, फिंजान पुढे. बाबांनी बघितलं. लेकीपुढे भरलेला फिंजान. त्यांच्या घरात कधी कुणाची कॉफी गार झाली नाही. डबा सोडत नाहीत, मला बाजूला करताहेत, लिहून दाखवते —

बाबा हे वाचा. काही बोलू नका. डबा द्या. ही शुरूक नाही. कॉफी राखेत

चष्मा नाही आणला म्हणतात. हसताहेत. तिच्या डोक्यावर हात ठेवलाय. म्हणताहेत, बघ कशी बसवून ठेवलीय पोरीला, घे लेकी, कॉफी घे, ज्यासाठी आलीस ते